गाळलेले शब्द

पद्मजाबाईंकडे जायला लागली त्याआधी अनू शाळा सुटली की थेट माझ्याकडे यायची. दप्तर उंबऱ्यात टाकायची, जेवायची आणि मी तांदूळ निवडायला बसले की माझ्या मांडीला पाठ लावून बसायची. कोणी कोणाला चिमटा काढला, कोणाच्या डब्यात काय होतं, गुरुजी कोणावर ओरडले, सगळं माझ्या कानावर यायचं. तिच्या आईला त्यातलं निम्मंही ठाऊक नसायचं. शेवंती, माझी सून, साबणाच्या वड्या कागदात गुंडाळायच्या कारखान्यात होती. सकाळी जायची ती दिवेलागणीला यायची. मुलगा जयवंत विक्रोळीला कामाला, त्याच्या पाळ्या बदलत्या. पोर तान्ही असल्यापासून माझ्याच हाताखाली वाढली. तिला माझ्या अंगाच्या वासाशिवाय झोप लागत नाही असं मी वस्तीत सगळ्यांना सांगायचे, आणि ते खरंही होतं.

आम्ही घाटकोपरला भटवाडीत राहत होतो, डोंगराच्या चढावर. शहाऐंशी साल असेल. गिरण्यांचा संप होऊन गेला होता. आमच्या मालकांची, म्हणजे अनूच्या आजोबांची, गिरणी पुन्हा सुरू झाली ती त्यांना न घेता, म्हणून ते मुलुंडला एका सोसायटीत वॉचमन म्हणून लागले होते. मी दुपारपर्यंत वर्कशॉपमधल्या माणसांचे डबे करायचे. मग दुपार माझी आणि अनूची.

अनूची चौथी संपत आली तशी शेवंतीच्या डोक्यात मुलींच्या शाळेचं भरलं. आग्रा रोडच्या पलीकडे ती शाळा होती, पाचवीपासूनची. मुलींचा निळा फ्रॉक, पांढरा पट्टा, फाटकाला कमान. पण तिथं परीक्षा देऊन घ्यायचे. गणिताची आणि मराठीची. मराठीत समानार्थी शब्दांना फार मार्क असतात असं जो तो सांगायचा. एकाच गोष्टीची चार-चार नावं पाठ पाहिजेत.

पद्मजाबाई त्याच शाळेतून रिटायर झालेल्या. शाळेच्या मागच्या बाजूच्या सोसायटीत त्या आणि त्यांचे भाऊ असे दोघेच. भाऊ बँकेत. बाई दुपारी गॅलरीत सतरंजी टाकून पाच-सहा मुलींना शिकवायच्या, पैसे घ्यायच्या नाहीत. शेवंती सुट्टी काढून अनूला घेऊन तिकडे गेली आणि हसत परत आली.

"आई, बाई इतक्या चांगल्या आहेत. अनूला म्हणाल्या, डोळे किती हुशार आहेत."

"डोळे आपल्या घराण्याचे आहेत," मी म्हटलं. "त्यात बाईंनी काय नवीन बघितलं."

दुसऱ्या दिवसापासून अनू जेवली की केस सारखे करून पळायला लागली. मी एकटीच तांदूळ निवडायचे. संध्याकाळी ती चढ चढून यायची, आणि आली की सुरू व्हायचं, बाई असं म्हणतात, बाई तसं म्हणतात. बाईंकडे माठात वाळा घालतात. बाई जेवताना बोलत नाहीत. बाईंच्या गॅलरीत कुंड्या आहेत. बाईंच्या घरात पंखा फिरताना आवाज येत नाही.

"आपल्याकडं पंखा नाही काय?"

"आपला नुसती मान हलवतो ग आजी."

हे तिचं खरंच होतं. तरी मला ते लागलं.

मग एक दिवस ती आली ती वेगळीच दिसत आली. मी सकाळी एक वेणी घातली होती. आता दोन होत्या, घट्ट, मधोमध सरळ भांग, टोकाला लाल रिबिनी.

"कोणी घातल्या ह्या?"

"बाईंनी. म्हणाल्या, लिहिताना केस डोळ्यांवर येतात."

"बस इथं."

"राहू दे ना, छान दिसतात."

"डोक्याची कातडी ओढलीय सगळी. बस."

मी तिला खाली बसवलं, दोन्ही वेण्या सोडल्या आणि माझी एक घातली. ती रडली नाही. हात पुढे करून तिनं फक्त रिबिनी मागून घेतल्या आणि नीट गुंडाळून कंपासपेटीत ठेवल्या. बाईंनी वेण्या घातल्या त्यापेक्षा तिनं त्या रिबिनी जपल्या ह्याचा मला जास्त राग आला.

एकदा ती शब्द घोकत बसली होती. "आई, माता, जननी, जन्मदा. आई, माता, जननी, जन्मदा."

"आजीला किती शब्द आहेत?" मी सहज विचारलं.

तिनं कागदावरून बोट फिरवलं. खरंच शोधलं तिनं. "आजीला नाहीत. आजी यादीतच नाही."

"बाईंना विचार."

"विचारलं होतं. त्या म्हणाल्या, परीक्षेत येत नाही."

रविवारी पद्मजाबाई स्वतः चढ चढून आमच्याकडे आल्या. शेवंतीची धावपळ उडाली. शेजारून खुर्ची आणली, चहा टाकला. बाई गोऱ्या, उंच, कडक इस्त्रीचं पातळ. दम लागला होता पण तो लपवत होत्या. आमचे मालक खाटेवरून उठून शर्ट घालायला गेले. बाईंनी चहा अर्धा प्यायला आणि कप ठेवून म्हणाल्या,

"अनुपमाला परीक्षेपर्यंत माझ्याकडेच राहू द्यावं असं मला वाटतं. सकाळ-संध्याकाळ अभ्यास होईल. शाळेतही माझ्याकडूनच जाईल."

शेजारच्यांचा रेडिओ चालू होता. नळावर दोघीजणी भांडत होत्या. बाईंनी त्या दिशेनं बघितलंही नाही, पण म्हणाल्या, "इथं शांतता मिळणं जरा कठीण आहे."

"इथं माणसं आहेत," मी म्हटलं.

शेवंतीनं माझ्याकडे बघितलं. "आई, बाई स्वतःहून सांगतायत. लोक पाया पडतात त्यांच्या."

"तुमच्या नातीचं गणित चांगलं आहे, सुगंधाबाई," बाई मला म्हणाल्या. "शब्द कच्चे आहेत. बाकीच्या मुलींकडून घरी कोणीतरी पाठ करून घेतं. इथं सगळे कामात. कोणाचा दोष नाही त्यात."

"मी घेते पाठ करून."

अनू माझ्याकडे बघत राहिली. शेवंती हळूच म्हणाली, "आई, तुम्हाला वाचायला..."

"येतं मला वाचायला."

दोन वर्षं मी समाजमंदिरातल्या प्रौढ वर्गाला जात होते. पाटीवरचं वाचायचे, बसची पाटी वाचायचे, रेशनकार्डावरचं आमचं नाव वाचायचे. जोडाक्षर आलं की थांबायचे, चढावर दम घ्यायला थांबतात तशी. बाई हसल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं, चार शब्द सुनावता आले असते. त्या हसल्या नाहीत. पिशवीतून एक छापील कागद काढून त्यांनी माझ्या हातात दिला.

"ही यादी. पुढच्या रविवारी मी येऊन विचारीन. सगळे आले तर अनुपमाला इथंच राहू द्या, मी परत विषय काढणार नाही. नाही आले तर सोमवारी पाठवा. कबूल?"

"कबूल," मी म्हटलं. तोंडातून गेलं ते गेलं.

त्या आठवड्यात अनू बाईंकडून आली की मी तिला घेऊन पायरीवर बसायचे. यादी माझ्या मांडीवर. मला एकेक शब्द लागायला वेळ लागायचा, म्हणून मी आमची एक रीत काढली. शब्द मोठ्यानं वाचायचाच नाही. त्या वस्तूची अनूला आठवण करून द्यायची.

"मनोरीला मावशीकडे गेलो, होडीत बसलो, तू घाबरून माझा पदर धरलास. खाली काय होतं?"

"समुद्र. सागर, सिंधू, रत्नाकर."

"आणि एक."

"अर्णव."

"गावच्या घराच्या मागं मोठं काय आहे, ज्याच्यावरून तुझा बाप पडला होता?"

"झाड. वृक्ष, तरू, पादप." आणि हसायला लागायची. "आजी, बाबा कसे पडले ते सांग ना."

मी सांगायचे. मग पुढची ओळ. दप्तर घेऊन खाली बाईंकडे जायला लागल्यापासून ती इतकं माझ्याशी बोलली नव्हती. शेजारच्या बायका जाता-जाता थांबायच्या. "काय सुगंधाकाकी, नातीची शाळा की तुमची?" मी म्हणायचे, दोघींची. बाईंच्या गॅलरीत असं कोणी हसत नसेल हे मला पक्कं ठाऊक होतं.

पण यादीत काही ओळी अशा होत्या की त्या आल्या की माझं बोट आपोआप पुढं सरकायचं.

आमच्यात बाईमाणूस नवऱ्याचं नाव घेत नाही. सासऱ्याचं नाही, सासूचं नाही, थोरल्या दिराचं आणि थोरल्या जावेचंही नाही. नुसतं नाव नव्हे, त्या नावासारखा शब्दसुद्धा तोंडात आणायचा नाही. माझ्या मालकांचं नाव दगडू. सासऱ्यांचं धोंडू. आता लिहिताना हात अडत नाही, पण तेव्हा मी घाटावर कपडे कशावर आपटते तेही कोणाला सांगू शकत नव्हते, खडप म्हणायचे. सासू कमळाबाई. थोरले दीर चंद्रू, त्यांची बायको सोनाबाई. आकाशातल्या चंद्राला मी वरचा दिवा म्हणायचे आणि सोन्याला पिवळं. अनू लहानपणी वरचा दिवाच म्हणायची, आणि बालवाडीत तिला सगळे हसले तेव्हा तिला खरा शब्द कळला. समाजमंदिरात शिकवणारी पोरगी विचारायची, 'द' कशाचा, तर मी आपली दरवाजाचा म्हणून मोकळी व्हायचे.

यादी करणाऱ्यानं जणू आमचं घर बघूनच ती केली होती.

"आजी, ही ओळ राहिली."

"ती मागनं घेऊ."

"ही पण राहिली." तिनं वाकून वाचलं आणि तोंडावर हात ठेवला. "आजोबांची ओळ आहे ही."

"गप बस. पुढं चल. आपण पितो ते काय?"

"पाणी. जल, नीर, उदक, तोय." ती हसतच होती.

मागनं घेऊ म्हणता-म्हणता रविवार आला. खरं सांगायचं तर त्या ओळींचा मला विसरच पडला होता. उरलेलं सगळं तिला इतकं छान यायला लागलं होतं की मी मनात बाईंचा पडलेला चेहरा बघत होते.

बाई आल्या, त्याच खुर्चीत बसल्या. शेवंतीनं ह्या वेळी साखर बेतानं घातली. बाईंनी चष्मा लावला आणि सुरुवात केली. घर. अनूनं सांगितलं, सदन, गृह, निकेतन. पक्षी. खग, विहंग, अंडज. वारा, रात्र, राजा, डोळा. एकही चुकली नाही. बोलताना ती माझ्याकडे बघत होती, बाईंकडे नाही. मी दाराला टेकून उभी होते आणि मला वाटत होतं, वस्तीतल्या सगळ्यांनी आत येऊन बघावं.

"शाब्बास," बाई म्हणाल्या. "चंद्र."

अनू गप्प.

"चंद्र, अनुपमा. सोपा आहे."

मग बाईंनी कमळ विचारलं. मग सोनं. मग दगड. पोर खाली बघून नखानं फरशी खरवडत बसली.

"ह्या ओळी केल्याच नाहीत का?"

शेवंतीच्या ध्यानात आलं. तिनं मान वळवून माझ्याकडे बघितलं. आता ही बाईंच्या देखत सगळं सांगणार म्हणून मी पदर घट्ट धरला. पण त्याआधी अनूच बोलली.

"केल्या होत्या. मी विसरले."

बाईंना ते पटलं नसावं. त्यांनी तिच्याकडे आणि मग माझ्याकडे बघितलं, चष्मा काढला आणि पुसला. "चंद्र आणि कमळ हमखास येतात. सोमवारी पाठवा तिला. म्हणजे उद्याच."

बाई गेल्या आणि शेवंती बोलायला लागली. तिचा आवाज चढला नाही, पण प्रत्येक शब्द ठेवून दिल्यासारखा येत होता. "आई, नवऱ्याचं नाव मी घेत नाही, तुम्ही घेत नाही, ठीक आहे. पण पोरीच्या परीक्षेत? मला सांगितलं असतंत तर मी करून घेतल्या असत्या त्या ओळी. आता काय, तुमच्यामुळे..." पुढचं तिनं गिळलं आणि अनूचे फ्रॉक पिशवीत भरायला घेतले.

माझ्या डोळ्यांसमोर एकच गोष्ट होती. पोर माझ्यासाठी खोटं बोलली. बाईंसाठी ती कधी खोटं बोलली असती का? नसती. तेवढ्यावर मी यादी परत उचलली.

"अनू, हय बस."

"आता काय उपयोग," शेवंती म्हणाली.

"तू तुझं भर."

आमचे मालक खाटेवर पडले होते. मी त्यांच्याकडे पाठ केली. कागदावर बोट ठेवलं. लग्नात उखाण्यात नाव घ्यायला लावलं होतं तेव्हा बोहल्यावर माझी मान जशी खाली गेली होती तशीच गेली. मग म्हटलं.

"दगड."

खाट करकरली. "काय गो? हाक मारलंस माका?"

"तुमका नाय. पोरीचो शब्द आसा."

"मी ऐकलंय मां."

"मग ऐकू नकात. पडून ऱ्हवा."

अनूनं दोन्ही हातांनी तोंड दाबून धरलं होतं. शेवंतीचे पिशवीतले हात थांबले होते.

"दगड," मी पुन्हा म्हटलं. "पुढं काय लिहिलंय? पा... पाषाण. शिळा. आणि हा..." पुढचा शब्द होता धोंडा. मी डोळे मिटून तोही म्हटला.

"माझ्या बापाशीकय सोडूक नाय," मालक म्हणाले. ते उठून बसले होते. मला वाटलं आता चिडणार. पण मिशीवरून हात फिरवत म्हणाले, "परत म्हण बघू."

"कित्याक?"

"पोरीचा पाठ होवक होया मां. परत म्हण. पयलो शब्द."

"वय काय तुमचं," मी म्हटलं, पण म्हटला परत. पोरीसाठीच म्हटला. अनू हसून-हसून जमिनीवर लोळायला लागली होती, आणि लोळता-लोळता तिला ती ओळ पाठ झाली. मग आम्ही थोरल्या दिरांना घेतलं, शशी, इंदू, सुधाकर. मग सासूबाईंना, पंकज, अंबुज, सरोज. मग जाऊबाईंना, सुवर्ण, कनक, हेम. दर वेळी मालक खाटेवरून म्हणायचे, "आता खयच्या पावण्याचो लंबर?" दिवे लागेपर्यंत सगळ्या ओळी झाल्या.

मी शेवंतीला बोलावलं. "ऐक आता तिच्याकडनं."

शेवंतीनं ऐकल्या. तिलाही हसू आवरत नव्हतं. पण पिशवी तिनं दाराशी नेऊन ठेवली. "चांगलं झालं आई. पण आपण बाईंना शब्द दिलाय."

"अनूला विचार तिला जायचं काय ते."

मी ते म्हणायला नको होतं. अनू म्हणाली, "मी जाते ना आजी. तिकडे टेबल आहे. आणि परीक्षेपर्यंतच."

तिनं ते माझा गळा धरून सांगितलं, अगदी लाडानं. तिला वाटलं त्यानं मला बरं वाटेल.

दुसऱ्या दिवशी डबे गेल्यावर मीच तिला पोचवायला निघाले. शेवंती म्हणाली होती मी कामावरून येऊन नेते, पण मी म्हटलं, नको, मला बघू दे पोर कुठं झोपणार ती. पिशवी माझ्या हातात, वळकटी काखेत. आग्रा रोडला ट्रक थांबेनात, तेव्हा अनूनंच माझा हात धरून मला पलीकडे नेलं.

बाईंचं घर दोन खोल्यांचं. बाहेर दिवाण, आत दोन खाटा. एका खाटेवर नवीन चादर होती, घडीच्या रेघा अजून तशाच. उशाशी टेबल, त्यावर दिवा. पंख्याचा आवाज खरंच येत नव्हता. आणि आरशाखाली एक नवीन लाल कंगवा होता, त्याच्याशेजारी रिबिनीचं बंडल, कापायचं राहिलेलं, सबंध.

मी त्या बंडलाकडे बघितलं आणि वळकटी खाली ठेवली.

"बाई, मी पण राहते."

"म्हणजे?"

"अनूबरोबर. ती माझ्याशिवाय झोपत नाही."

"झोपते मी आजी," अनू म्हणाली.

"तू गप. झोपेत तुला काय कळतं."

बाई मला बसा म्हणायच्याही विसरल्या. "अहो पण... बाहेरच्या खोलीत माझे भाऊ झोपतात. इथं दोनच खाटा."

"मला खाट नको. गॅलरीत पडेन."

"गॅलरीत? सोसायटीत कोणी..." त्या थांबल्या. "आणि तुमचे डबे?"

"इथनंच करीन. स्टो घेऊन येते संध्याकाळी. सुकं बोंबील आमच्याकडं लागतात, तेवढा वास सहन करा."

बाईंच्या घरात अंडंसुद्धा येत नसे. ते मला ठाऊक होतं. अनूनंच सांगितलं होतं.

त्यांनी माझ्याकडे आणि मग वळकटीकडे बघितलं. त्यांना समजलं मी काय करतेय, आणि त्यांना समजलं हे मलाही दिसलं. रागावल्या असाव्यात, कारण नाकपुड्या थोड्या फुलल्या होत्या. पण बोलल्या त्या शांतच.

"असं करू. अनुपमा दुपारी येत जाईल, पूर्वीसारखी. जरा जास्त वेळ थांबेल. दिवे लागले की घरी."

"मी न्यायला येईन."

"या."

"सोडायलापण मीच येईन. मधे कशाला परत जाऊ, दोन-दोन खेपा. इथंच बसेन."

"बसा," बाई म्हणाल्या.

अनूनं त्या नव्या चादरीवरून एकदा हात फिरवला आणि पिशवी उचलली. ती माझ्याशी दिवसभर बोलली नाही.

तेव्हापासून परीक्षेपर्यंत मी रोज दुपारी त्या गॅलरीत होते. मुली अर्धगोल करून बसायच्या, बाई खुर्चीत. मी अनूच्या आणि खुर्चीच्या मधे बसायचे. मुली हसायच्या. येताना चढावर अनू म्हणायची, "आजी, उद्या नको ना येऊस. सगळ्या हसतात." मी म्हणायचे बरं, आणि दुसऱ्या दिवशी जायचे. रिकामी कशी बसू म्हणून मांडीवर पाटी घ्यायचे. एक दिवस बाईंनी वरूनच बघितलं आणि न बोलता खाली वाकून माझ्या हातातली पेन्सिल धरली, 'ज्ञ' कसा वळवायचा ते दाखवलं. समाजमंदिरातल्या शिकवणाऱ्या पोरीला ते मला दोन वर्षांत शिकवता आलं नव्हतं. माझा हात त्यांच्या हातात होता आणि मला त्यांचा रागच येत होता. शिकायचं सोडवतही नव्हतं. माझी जोडाक्षरं त्याच गॅलरीत सुटी झाली. थँक्यू मी त्यांना कधी म्हटलं नाही.

अनूच्या वेण्या घरून मीच घालून न्यायचे. दोन. मधोमध भांग. लाल रिबिनी.

परीक्षा झाली. निकाल शाळेच्या आत फळ्यावर लावला, फक्त मुलींनी आत जाऊन बघायचा. शेवंतीला सुट्टी मिळाली नाही, म्हणून मी गेले. फाटकापाशी बाई आधीच येऊन उभ्या होत्या, ठेवणीतलं पातळ नेसून. आम्ही एकमेकींकडे बघून मान हलवली.

"तुम्ही कशाला उन्हात आलात," मी म्हटलं.

"मला यायलाच हवं होतं."

"मलापण."

त्यांच्या हातात पेढ्यांचा पुडा होता. माझ्या पिशवीत नाचणीचे लाडू होते. दोघींनी दोन्ही बघितलं. ऊन कमानीखालून पायावर येत होतं. आतून मुलींचा गलका आला आणि त्यातून अनू बाहेर पडली. धावत होती. चेहऱ्यावरूनच कळलं, नाव लागलं. मी एक पाऊल पुढं टाकलं. बाईंनीही टाकलं. मी जरा कोपर पुढं काढलं, म्हणजे तिला आधी मी दिसेन.

अनू आमच्या दोघींच्या मधून गेली. खरंच, एक रिबीन माझ्या हाताला लागून गेली. बर्फाच्या गोळेवाल्यापाशी एक काळीसावळी पोरगी उभी होती, तिच्यापाशी जाऊन थांबली. दोघींनी एकमेकींचे हात धरले आणि जागच्या जागी उड्या मारायला लागल्या. अनू भराभर काहीतरी सांगत होती, कोण कोणाच्या पुढे, कोण कुठल्या नंबरवर, आणि ती पोरगी मधूनमधून तिच्या खांद्यावर डोकं आपटून हसत होती.

"ही कोण?" बाईंनी विचारलं.

"मला काय ठाऊक. तुमच्या वर्गातली नाही?"

"छे. मला वाटलं तुमच्या वस्तीतली."

"नाय."

"अनुपमा," बाईंनी हाक मारली. तिला ऐकू गेलं नाही. मी मारली. तेव्हा तिनं वळून हात केला, आलेच असा, आणि परत तिकडे तोंड केलं. दोघींनी मिळून एक गोळा घेतला आणि दोन्ही बाजूंनी चोखायला लागल्या.

बाईंनी पुड्याचा दोरा सोडला. एक पेढा मला दिला. मी पिशवीतून लाडू काढून त्यांना दिला. आम्ही दोघी फाटकाच्या सावलीत उभ्या राहून खात होतो आणि तिकडेच बघत होतो.

"त्या मुलीचे केस बघा," बाई जरा वेळानं म्हणाल्या. "भांगसुद्धा धड काढलेला नाही."

"झिपरी आहे नुसती," मी म्हटलं.